अंत्यविधी सेवेचं नाव ठरवताना

नमस्कार. शववाहिका ठरली, शीतपेटी आली, माणसं लावली आणि घोडं नावावर अडलं. अंत्यविधी सेवेच्या धंद्यात हे हमखास होतं. तिरडीचं सामान, गाडी, गुरुजी, स्मशानातली नोंद, दाखल्याची धावपळ, दहाव्याची व्यवस्था हे सगळं एका फोनवर करून देणाऱ्या सेवा आता मोठ्या शहरांत आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी नाव मात्र मिठाईच्या दुकानासारखं ठेवलेलं असतं. एरवी नाव ऐकून गिऱ्हाईक खूश व्हावं असं आपण बघतो. इथे गिऱ्हाईक खूश व्हायला आलेलंच नसतं.

आधी हे बघा की फोन करतो कोण. ज्याचं माणूस गेलंय तो सहसा करत नाही. शेजारी करतो, जावई करतो, सोसायटीचा सेक्रेटरी करतो. पहाटे तीनला, हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून. तो नंबर दुसऱ्याला सांगतो, दुसरा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो. म्हणून पहिली कसोटी फोनची. खराब लाइनवर नाव एकदाच उच्चारा आणि पलीकडच्याला इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगा. ‘अंत्येष्टी’ शब्द अगदी नेमका, पण कोणी ‘एस’नंतर ‘एच’ घालेल, कोणी नाही, कोणी ‘टी’लाही ‘एच’ चिकटवेल. तीन माणसांनी तीन स्पेलिंगं केली तर ते नाव सोडा. शोधताना तुमच्याऐवजी भलताच कोणी सापडेल. मोबाइलला मराठीत बोलून शोधायलाही सांगून बघा, जोडाक्षरांवर तो कुठे अडखळतो ते लगेच कळतं.

दुसरी कसोटी दाराची. तुमचा माणूस घरी पोचतो आणि म्हणतो, “नमस्कार, आम्ही अमुककडून आलोय.” त्या ‘अमुक’च्या जागी तुमचं नाव घालून मोठ्यांदा म्हणा. ‘हॅपी जर्नी’ घालून बघा. ‘स्वर्ग एक्स्प्रेस’ घालून बघा. कागदावर जे चतुर वाटतं ते दारात उभं राहून तोंडातून निघत नाही.

बरं, मग अगदी मऊ नाव घ्यावं का? शांती, आधार, विसावा, स्नेह? इथे उलटी अडचण होते. ‘विसावा’ म्हटलं की लोकांना वृद्धाश्रम वाटतो किंवा हायवेवरचं हॉटेल. ‘शांती’ शोधलं तर योगवर्ग आणि नर्सिंग होम आधी येतात. यावर तोडगा सोपा आहे: नाव मऊ ठेवा, पण त्याच्या खालची ओळ उघडी-वाघडी ठेवा. ‘अमुक’ आणि खाली ठसठशीत ‘अंत्यविधी सेवा’. ‘अंतिम प्रवास सोल्युशन्स’ असली आडवळणं नकोत. माणूस गेल्यावर लोकांना आडवळण नको असतं, काम हवं असतं. गुगलच्या नकाशावर मात्र पाटीवर असेल तेवढंच नाव टाका. त्यात ‘पुणे २४ तास स्वस्त’ असे शब्द कोंबले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि या धंद्यात प्रोफाइल बंद म्हणजे फोन बंद.

आता सगळ्यात नाजूक भाग. वैकुंठ, मोक्ष, स्वर्ग, कैलास ही नावं पटकन सुचतात. पण वैकुंठ म्हटलं की बौद्ध कुटुंब तुम्हाला फोन करणार नाही. लिंगायतांमध्ये दफनाची रीत आहे, ख्रिस्ती कुटुंबाला शवपेटी आणि चर्चची वेळ सांभाळणारा माणूस हवा असतो. एकाच पद्धतीचे विधी करणार असाल तर नाव खुशाल त्या परंपरेतलं घ्या. सगळ्यांची सेवा करायची असेल तर परलोकाचं नाव टाळा आणि निरोप, सोबत, साथ अशा माणसांकडच्या शब्दांकडे या. आडनावाचंही तसंच. मुंबई-गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात कुटुंबाच्या आडनावाने चालणारी अशी दुकानं लोकांना ओळखीची आहेत. मराठी आडनावाला मात्र जात चिकटलेली असते, आणि मयताच्या घरी ती सगळ्यात आधी वाचली जाते. हे बोलायला बरं वाटत नाही, पण पाटी लावण्याआधी विचार केलेला बरा.

‘वैकुंठ’ची पुण्यात आणखी एक गोची आहे. नवी पेठेतली महापालिकेची स्मशानभूमी त्याच नावाने सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीही ‘वैकुंठ सेवा’ झालात तर विद्युतदाहिनी रिकामी आहे का, हे विचारणारे फोन तुम्हाला येतील आणि तिथल्या रांगेचा राग तुमच्यावर निघेल. मुद्दाम सरकारी वाटेल असं नाव घेणं तर कायद्यातच बसत नाही. १९५० चा बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला बंदी घालणारा कायदा सरकारशी किंवा स्थानिक संस्थेशी संबंध सुचवणारी नावं धंद्यासाठी वापरू देत नाही. त्या कायद्यातल्या बंदीच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावंही आहेत. आणि ‘ट्रस्ट’, ‘प्रतिष्ठान’ हे शब्द खाजगी धंद्याला लावू नका. लोक ते फुकट आहे असं समजतात, बिल पुढे आलं की वाद होतो, आणि तो वाद तिरडीशेजारी होतो.

बिलावरून आठवलं. अंत्यसंस्कार आणि पार्थिवाची वाहतूक या सेवांवर जीएसटी लागत नाही, कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्या करकक्षेबाहेर ठेवल्या आहेत. पण पैसे यूपीआयने येतात, आणि देणाऱ्याच्या मोबाइलवर बँकेत नोंदलेलं नाव उमटतं. गाडीवर एक नाव आणि मोबाइलवर ‘ओम साई एंटरप्रायझेस’ दिसलं की देणारा थबकतो, आपण फसतोय की काय असं त्याला वाटतं. म्हणून चालू खातं व्यवसायाच्याच नावाने काढा.

आता ट्रेडमार्क, म्हणजे नावाची कायदेशीर नोंदणी. सरकारी संकेतस्थळावर शब्दाचा शोध घ्या, पण तिथेच थांबू नका. उच्चारानुसार शोधायचाही पर्याय आहे, तो जास्त महत्त्वाचा. मुंबईत ‘सुखांत’ नावाची सेवा आधीच आहे, तेव्हा ‘शुभांत’ किंवा ‘सुखान्त’ घेऊन जाऊ नका, हरकत येणारच. नोंदणीसाठी वस्तू आणि सेवांचे वर्ग पाडलेले असतात: अंत्यविधीची सेवा वर्ग ४५ मध्ये येते, शवपेट्या आणि अस्थिकलश विकणार असाल तर वर्ग २०. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाचे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नुसतं ‘अंत्यविधी सेवा’ नोंदवता येत नाही, कारण ते कामाचं वर्णन झालं. देवाधर्माच्या नावावर मक्ताही सहज मिळत नाही: अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकट्याचं करण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. अर्ज तपासून कार्यालयाने पाठवलेला परीक्षण अहवाल आला की ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर ४ महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. तोवर नावापुढे ‘टीएम’ लिहा. गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, नोंदणी होण्याआधी लावणं हा गुन्हा आहे.

पाटीवर नाव मराठीत, देवनागरीत हवंच. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे नाव देवनागरीत कसं दिसतं हे आधी बघा. ‘इटर्नल केअर’ देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा, दोन दिवस बघा आणि मग ठरवा.

गाडीवर नाव रंगवण्याची घाई करू नका. शोध झाला, अर्ज गेला, तरी अहवाल येईपर्यंत निघणारं स्टिकरच लावा, मागच्या दारावर नाव आणि नंबर, बाजूंना फक्त ‘शववाहिका’. शीतपेटीवर नाव लहान ठेवा, काचेपासून लांब, पायाच्या बाजूला. नातेवाईक परदेशातल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर शेवटचं दर्शन देतात, आणि त्या चौकटीत तुमची जाहिरात आली तर ते घर परत कधी तुमचं नाव घेणार नाही.