पळी आधी उलटी करा

नमस्कार, श्रोतेहो.

चांदीची जुनी पळी किंवा डाव हाती आला की डोळे आधी नक्षीकडे धावतात. माझं सांगणं एवढंच, आधी ती वस्तू उलटी करा. भिंग घ्या आणि दांड्याची पाठ पाहा.

वस्तू इंग्लंडात घडलेली असेल तर तिथे बारीक ठशांची ओळ सापडेल. पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात 925 भाग शुद्ध चांदी. जहाजाचा नांगर दिसला तर ती बर्मिंगहॅमला तपासलेली. एक सुटं अक्षर वर्ष सांगतं आणि आद्याक्षरं घडवणाऱ्याची. राजाचं किंवा राणीचं मस्तकही असेल तर कर भरल्याची ती खूण, म्हणजे काळ 1784 ते 1890 मधला. 'ई.पी.एन.एस.' ही अक्षरं दिसली तर मात्र निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला मुलामा समजा. वाढायला छान, पण ती चांदीची वस्तू नव्हे.

ठसे काय आहेत, इतकंच ते कुठे आहेत हेही पाहा. साधारण 1780 पर्यंत ते चमच्याच्या वाटीजवळ, दांड्याच्या निमुळत्या भागावर मारत. पुढे ते दांड्याच्या टोकाकडे सरकले. अक्षर एक काळ सांगतं आणि जागा दुसराच, असं झालं तर थांबा.

हे मी एका फळं वाढण्याच्या चमच्यामुळे शिकले. वाटीत उठावदार द्राक्षं, वर सोनेरी झळाळी, ठसे अठराव्या शतकातले. मला वाटलं, चमचा जन्मापासून असाच. मग भिंगाखाली दिसलं की दांड्यावरच्या वेलीची रेघ थेट ठशावरून गेली होती. म्हणजे ठसा आधीचा, वेल नंतरची. साधे जॉर्जियन, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातले चमचे पुढे राणी व्हिक्टोरियाच्या काळात असे नटवले जात. कुणाला ते आवडतात, त्यांनी जरूर घ्यावेत. मला मात्र वापराने टोक एका बाजूला झिजलेली साधी पळी जास्त प्रिय आहे. त्या झिजेत कुणाच्या तरी हाताचं वळण उरलेलं असतं.

दांड्यावर हलकेच फुंकर घाला. पूर्वी कोरलेली नावाची अक्षरं घासून काढली असतील, तर वाफेत कधीकधी त्यांची पुसट रेघ उमटते. बोटाच्या चिमटीत तो भाग पातळही लागतो. अशा वेळी किंमत कमी करून मागायला संकोचू नका.

आणि घरी आणल्यावर रोज घासू नका, दर वेळी थोडी चांदी निघून जाते. मीठ लागलं तर लगेच धुवा आणि कोरडी करा. पोकळ मुठीच्या सुऱ्या गरम पाण्यात भिजत ठेवू नका, आत भरलेली राळ मऊ होऊन मूठ सुटते. ठेवताना रबर जवळ नको. त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.