मध्यरात्री, समुद्राकडे

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या मामाकडे येझदी होती. संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी आली की नुसत्या आवाजावरून आजी सांगायची, ‘आज स्वारी रागात आहे बरं!’ गाडीच्या आवाजात माणूस ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. वाक्याच्या आवाजातही तो असाच ऐकू येतो, हे कळलं हंटर थॉम्पसन या पत्रकार-लेखकाला वाचताना. आज त्याच्याविषयी बोलायचंय.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा हा पोरगा, जन्म १९३७ चा. तरुणपणी तो टाइपरायटरवर फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी उतरवून काढत बसायचा. चांगलं वाक्य लिहिताना बोटांना कसं वाटतं, ते त्याला कळून घ्यायचं होतं. गॅरेजमधला पोऱ्या इंजिन खोलून पुन्हा जोडतो आणि शिकतो, तसंच हे.

१९६५ साली ‘द नेशन’ साप्ताहिकात त्यानं कॅलिफोर्नियातल्या ‘हेल्स एंजल्स’ या मोटरसायकलवाल्या टोळीवर लेख लिहिला. तेव्हा वर्तमानपत्रं सरकारी अहवालावरून या टोळीच्या बातम्या रंगवत होती. थॉम्पसन सरळ त्यांच्या अड्ड्यावर जाऊन बसला, आणि पुढे वर्षभर त्यांच्यात वावरला. टोळीचा जीव हार्ली-डेव्हिडसनवर. यानं घेतली ६५० सीसीची ब्रिटिश बीएसए. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तो त्यांच्या पंक्तीला बसला, पण त्यांच्यातला झाला नाही. १९६६ च्या सप्टेंबरात त्याच टोळक्यानं त्याला बेदम मारलं. पुढच्या वर्षी या टोळीवरचं त्याचं पुस्तक आलं. त्यात त्यानं ना त्यांना देव केलं, ना राक्षस. बंडखोरी म्हणतात ती मला इथे दिसते. त्याच्या दारूत आणि नशेत नाही, जिच्या कथा लोक चवीनं सांगतात.

त्या पुस्तकाच्या शेवटाकडे एक रात्र आहे. सॅन फ्रान्सिस्को झोपलंय. हा एकटा बीएसए काढतो, डोक्यावर हेल्मेट नाही. गोल्डन गेट पार्कमधली वळणं घेत समुद्रकाठच्या रस्त्याला लागतो. तिसरा गिअर, मग चौथा. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहतंय, पुढचं धड दिसत नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळलेलीच. थोडं चुकलं तर सगळं संपलं, अशी एक कड समोर येते. त्या कडेविषयी तो लिहितो.

हे धाडसाचं कौतुक म्हणून मी सांगत नाही. एकदा पावसात, रेल्वेच्या रुळांजवळ त्याची गाडी घसरली आणि मागे बसलेल्याचा पाय मोडला. हेही त्यानंच लिहून ठेवलंय. वेगाची किंमत त्यानं वाचकापासून लपवली नाही.

१९९५ साली, पन्नाशी उलटून गेल्यावरही, ‘सायकल वर्ल्ड’ या मोटरसायकलींच्या मासिकासाठी तो डुकाटी ९००वर बसला आणि तितक्याच आतुरतेनं लिहिता झाला. २० फेब्रुवारी २००५ला कोलोरॅडोतल्या वुडी क्रीकच्या घरी त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय सदुसष्ट. ती बातमी मला आजही खुपते.

श्रोतेहो, मिळालं तर त्या रात्रीचं पान काढा आणि मोठ्यानं वाचा. सुरुवातीला वाक्यं सावकाश येतात. मग गिअर बदलतो. वाक्यं तुटायला लागतात, मध्ये टिंबं येतात, श्वास घ्यायला जागा राहत नाही. आवाज तुमचाच असतो, पण मूठ त्याच्या हातात असते.