मास्कमधून दिसते फक्त हनुवटी: बॅटमॅन, जोकर आणि आपले वाद

नमस्कार मंडळी. कमिटीने मला विषय दिला सुपरहिरो सिनेमातले कलाकार, आणि वर सांगितलं की मुलांनाही कळलं पाहिजे, आजी-आजोबांनाही कळलं पाहिजे आणि एक वाजता जेवण आहे. सगळे सुपरहिरो घेतले तर रात्रीचंच जेवण होईल, म्हणून मी फक्त बॅटमॅन घेतलाय. एकच रोल इतक्या जणांनी केलाय की तुलनेला मजा येते. आणि तुलना करायची खोड आपल्याला आहेच की. नटसम्राटमधले अप्पासाहेब डॉ. लागूंचे भारी की दत्ता भटांचे, यावर आमच्या घरी दोन पार्ट्या होत्या, २०१६ साली नाना पाटेकरांचा सिनेमा आला आणि तिसरी झाली.

पण तिथे निदान नटाचा चेहरा तरी दिसतो हो. बॅटमॅनला एकदा मास्क चढवला की नटाकडे उरतं काय, तर डोळे, ओठ, हनुवटी आणि आवाज. म्हणजे आपण तावातावाने भांडतो की हा बॅटमॅन भारी तो बॅटमॅन भंगार, तेव्हा अर्धं भांडण ब्रूस वेनवरून, म्हणजे मास्क काढल्यावरच्या श्रीमंत माणसावरून, चाललेलं असतं आणि उरलेलं ज्याने सूट शिवला त्याच्यावरून. हे आज मला जरा उलगडून सांगायचंय.

मायकेल कीटनपासून सुरू करू. दिग्दर्शक टिम बर्टनने त्याला बॅटमॅन म्हणून घेतलं तेव्हा तो कॉमेडीवाला म्हणून माहीत होता, लोक इतके खवळले की वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रं आली असं सांगतात. पत्रं बरं का, पोस्टाची, तिकीट लावून! बर्टनचं लॉजिक मला अजून पटतं: जो आधीच पिळदार गडी आहे त्याला वटवाघळाचा वेष कशाला लागेल, वेष लागतो तो साध्या दिसणाऱ्या, आतून हललेल्या माणसाला. १९८९ च्या त्या सिनेमात जेवणाचा सीन आहे, लांबच लांब टेबल, एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला ती पाहुणी, आणि ती विचारते तुला इथे जेवायला आवडतं का, तर हा आधी हो म्हणतो आणि मग म्हणतो, खरं सांगू का, मी या खोलीत आधी कधी आलोय असं वाटत नाही. स्वतःच्याच बंगल्यात हरवलेला माणूस. मास्क नाही, मारामारी नाही, पण अख्खा ब्रूस वेन तिथे कळतो.

आणि सूट? तो रबराचा, मान वळायचीच नाही. मग कीटन बाजूला बघायचं असेल तर खांद्यासकट अख्खा वळायचा आणि लोकांना वाटलं काय स्टाईल आहे! पुढे २००८ च्या द डार्क नाईटमध्ये दिग्दर्शक नोलनने याचीच मजा घेतलीय, त्यातला बॅटमॅन क्रिश्चियन बेल सूट देणाऱ्या मॉर्गन फ्रीमनकडे मान वळेल असा सूट मागतो तर तो म्हणतो, हां, गाडी रिव्हर्स काढताना बरं पडेल.

मधल्या काळात काय झालं ते पटकन सांगतो. १९९२ चा दुसरा सिनेमा फार काळोखा झाला, मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मीलची खेळणी घेणाऱ्या पोरांचे आईबाप भडकले, स्टुडिओने बर्टनला बाजूला करून जोएल शूमाकरला आणलं आणि सगळं रंगीबेरंगी केलं. त्यात वॅल किल्मर आला, मग १९९७ ला जॉर्ज क्लूनी. त्या सूटच्या छातीवर काय बसवलं होतं ते मुलं समोर बसलीत म्हणून सांगत नाही. क्लूनी बिचारा अजूनही जाहीर माफी मागत असतो, पण माझ्या मते त्याच्याकडून कोणी काही वेगळं मागितलंच नव्हतं.

बेलवर लोक हसतात ते त्या घोगऱ्या आवाजासाठी. ठीके, आवाज जास्तच झाला. पण त्याचा ब्रूस वेन बघा, तो बिघडलेल्या श्रीमंत पोराचं नाटक करतो. पार्टीत सगळ्यांशी गोड बोलतो, बाहेर गॅलरीत येतो आणि हातातली शॅम्पेन गुपचूप खाली ओतून देतो. त्याचं मास्क घातलेलं रूप आणि न घातलेलं रूप दोन्ही खोटी आहेत, हा विचार त्याच्या आधी कोणी इतका पक्का केला नव्हता.

बेन अ‍ॅफ्लेकवेळी आवाज बदलायला सरळ मशीनच दिलं, शहाणपणा केला. आणि २०२२ ला रॉबर्ट पॅटिन्सन. इथे दिग्दर्शक मॅट रीव्जने एक बारीक गोष्ट केली जी मला फार आवडते. मास्कच्या आत डोळ्यांभोवती काळा रंग लावावा लागतो, पण जुन्या सिनेमात मास्क काढला की तो रंग जादूने गायब! पॅटिन्सन मास्क काढतो तेव्हा ते काजळ गालापर्यंत फरफटलेलं असतं. लहानपणी ब्रूसच्या आईवडलांचा खून, आईच्या माळेचे मोती घरंगळतायत वगैरे तेही दाखवत नाहीत, पुरे झालं ते. ब्रूस वेन जवळपास शिल्लकच नाही, रात्रपाळी करून आलेला एक मुलगा आहे फक्त.

आता जोकर, बॅटमॅनचा रंगवलेल्या तोंडाचा खलनायक. त्याचं उलट, तिथे सगळं काम तोंडावरच. १९६६ च्या टीव्ही मालिकेत सीझर रोमेरो मिशी काढायला तयार झाला नाही म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग फासला, नीट बघा, दिसते. पन्नास वर्षांनी जस्टिस लीगमध्ये हेन्री कॅविलची मिशी दुसऱ्या सिनेमाच्या करारामुळे काढता येईना म्हणून कॉम्प्युटरवर पुसली आणि सुपरमॅनचा ओठ सुजल्यासारखा दिसायला लागला. रंगवाले जिंकले!

जोकर केलेल्या निकल्सन, लेजर आणि फीनिक्स यांची तुलना लोक करतात पण तिघांना दिलेलं काम वेगळं आहे. जॅक निकल्सनच्या जोकरला आधीचं आयुष्य आहे, नाव आहे, तो केमिकलमध्ये पडतो, हिशोब कळतो. हीथ लेजरला नाव नाही, गाव नाही, तोंडावरचे व्रण कसे आले ते तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा गोष्ट वेगळी. माझ्या मते निम्मी भीती तिथून येते, आणि ती लिहिणाऱ्याची कमाई आहे. बाकी निम्मी मात्र त्याचीच, ते जीभ ओठांवरून फिरवणं, खांदे पाडून चालणं. हॉस्पिटल उडतं त्या सीनबद्दल रीलमध्ये सांगतात की स्फोट मधेच अडकला आणि लेजरने ऐनवेळी सांभाळून घेतलं. तसं काही नाही पोरांनो, तो पॉज ठरलेला होता. इमारत मात्र खरी होती, शिकागोतली जुनी कॅन्डीची फॅक्टरी. जानेवारी २००८ मध्ये लेजर गेला, सिनेमा नंतर लागला, ऑस्कर पुढच्या वर्षी घरच्यांनी घेतलं.

वाकीन फीनिक्सला २०१९ मध्ये बरोब्बर उलटं काम, सगळंच समजावून सांगायचं. वजन २४ किलोच्या आसपास उतरवलं, पाठीची हाडं दिसतात. त्याचं हसणं आजार आहे, बसमधल्या बाईला तसं कार्ड काढून देतो, आणि हसता हसता गुदमरतो. अभिनय म्हणून मी त्याला सगळ्यात वर ठेवीन. पण भीती? नाही वाटत, कीव येते. इतकं समजल्यावर कोणाची भीती वाटणार. आणि हो, तो सिनेमा लहान मुलांना दाखवायचा नाही.

तर माझं म्हणाल तर ब्रूस वेन कीटनचा, मास्कमधला बॅटमॅन पॅटिन्सनचा आणि जोकर लेजरचा. बेलवाल्यांनी रागावू नये. प्रश्न असतील तर घेतो, फक्त क्लूनीबद्दल नको.