आधी जखम बघूया

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. पावसाचे दिवस, कृष्णेला पाणी चढलेलं. मी सिस्टर म्हणून अपघात विभागात ड्यूटीवर होते. नदीकाठच्या एका गावातला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. कोपराच्या खोबणीत लिंबाएवढं गळू, अंगात ताप. "काय लागलं रे?" तर म्हणाला, "उसाचं पान."

मीही ऊसवाल्या घरातली. पानानं अंगावर रेघा उठतात, नेमकं शिरेवर गळू धरत नाही. पण मी इतकंच म्हटलं, "बरं. आधी जखम बघूया."

पू काढला, ड्रेसिंग झालं, आई पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा तो बोलला. जिममधल्या ओळखीनं मेफेंटरमीनची इंजेक्शनं घेत होता. शस्त्रक्रियेत रक्तदाब खाली आला तर भूलतज्ज्ञ हे औषध देतात. बाहेर ते ताकदीचं म्हणून, नशेचं म्हणून चोरून विकलं जातं. चौघांत सुई एकच. आठ दिवसांपूर्वी तो दुसऱ्या एका दवाखान्यात जाऊन आला होता. तिथं केसपेपरच्या खिडकीशी कुणीतरी सगळ्यांदेखत म्हणालं, "गर्दुल्ला आहे, बसू दे त्याला बाहेर." तो तसाच घरी गेला. आईनं हळद भरली. आठ दिवस हात आतून पिकत राहिला.

त्या खिडकीबद्दल मला आज बोलायचंय.

2024 मध्ये कुपवाड आणि कवठेमहांकाळ, 2025 च्या सुरुवातीला विटा. एमडी म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर पकडल्याच्या बातम्यांत आपल्या सांगली जिल्ह्यातली ही गावं आली. किती कोटींचा माल, ते आपण चवीनं वाचलं. नशा करणारं पोरगं आजारी पडलं की कुठं जातं, ते कुठं छापून आलं नाही. त्यालाही टीबी होतो, त्याचीही दाढ ठणकते, तोही गाडीवरून पडतो. आणि दवाखान्यात गेलं की त्याला ऐकावं लागतं, "आधी ते सोड, मग ये." अहो, व्यसन सुटेपर्यंत गळू थांबतं का?

खोटं बोलायला आपणच शिकवतो, आणि ते जिवावर बेततं. झोपेच्या गोळ्यांची सवय असलेला माणूस वॉर्डात भरती झाला, त्यानं ते लपवलं आणि गोळ्या एकदम बंद पडल्या, तर त्याला झटके येऊ शकतात. भूल द्यायची असेल तर अंगात काय गेलंय ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. त्या मुलानं सुई एकच असल्याचं सांगितलं म्हणून एचआयव्हीची आणि काविळीच्या बी, सी प्रकारांची तपासणी सुचवता आली. हेपटायटिस सी आता बहुतेकांचा साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. उसाच्या पानावर अडून बसला असता, तर यातलं काहीच झालं नसतं.

2019 साली केंद्र सरकारनं व्यसनांच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात, असं त्यात निघालं. दारू तर उघड दुकानात मिळते. ज्याच्या खिशात पुडी आहे, त्याच्या पायात किती ओझं असेल! बाईमाणूस असेल तर तिला उंबराच ओलांडवत नाही.

पोलिसांची भीती खोटी नाही. अशी नशा करणं हा 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं गुन्हाच आहे. पण त्याच कायद्यात 64 अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यातून त्याला संरक्षण मिळतं. उपचार मात्र पुरे करावे लागतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्यसनातून होणारे मानसिक विकारही आजारच धरलेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगितलंय. साखळीनं बांधायला त्यात सक्त मनाई आहे. आईवडिलांनो, गाडी पाठवून पोरगं उचलून नेऊ म्हणणाऱ्या केंद्राच्या हवाली लेकरू करण्याआधी तिथं डॉक्टर कोण, नोंदणी आहे का, आम्हाला भेटू देणार का, हे विचारा. चांगली माणसंही आहेत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आपल्याला जवळ आहे.

ब्राऊन शुगरसाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे. एमडीला तशी बदली गोळी नाही. तिथं झोप, जेवण, मनात बसलेला संशय, सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू सावरावं लागतं, समुपदेशन लागतं. पुन्हा घसरला तर पुन्हा यायला दार उघडं लागतं.

तो मुलगा ड्रेसिंगला पाच वेळा आला. चौथ्या वेळेला म्हणाला, "सिस्टर, ते मानसोपचारवाले डॉक्टर कुठं बसतात?" मी सोबत गेले, तोच केसपेपर घेऊन.

कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी 14446. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली मानस, 14416, तिथं मराठीत बोलता येतं. दोन्हीला पैसे लागत नाहीत. स्वतः नशा करणाऱ्यानं फोन केला तरी चालतो, आईनं केला तरी चालतो.

नमस्कार.