गाडीचं वजन

नमस्कार श्रोतेहो. चारचाकीचं प्रदूषण म्हटलं की आपली नजर सायलेन्सरकडे जाते. तिथे बरंच काम झालंय, हे आधी कबूल करू. एप्रिल 2020 पासून आपण गाड्यांच्या धुराच्या मानकांत बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर आलो, मधली पायरी गाळून. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत 50 होतं, ते 10 वर आलं.

पण कार्बन डायऑक्साइड अडवणारा फिल्टर गाडीला लावता येत नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाणारच. तो कमी करायचा तर पेट्रोलच कमी जाळायला हवं, आणि त्यासाठी गाडी हलकी हवी. इथेच घोडं पेंड खातं. आल्टोसारखी गाडी साधारण पाऊण टनाची. मोठ्या एसयूव्ही दीड टनाच्या पुढे. आणि आता देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या एसयूव्हीच्या वर्गातल्या आहेत. नफाही त्यांतच जास्त सुटतो, मग कंपनी लहान गाडीची जाहिरात कशाला करेल?

सरकारचा ‘कॅफे’ नावाचा नियम आहे. 2022-23 पासून किलोमीटरमागे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ही त्याची मर्यादा. म्हणजे लिटरला वीसेक किलोमीटर, तेही प्रयोगशाळेतल्या चाचणीत. मात्र ही मर्यादा एकेका गाडीला नसून कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला आहे. शिवाय कंपनीच्या गाड्या सरासरीने जड असतील, तर तिची मर्यादा सैल होते. आणि विजेवरची एक गाडी विकली की हिशेबात तीन धरतात! विजेच्या गाडीला सुरुवातीला असा टेकू हवाच होता, ते पटतं. जडपणाला सूट का, ते मला अजून पटलेलं नाही. एप्रिल 2027 पासून पुढचा टप्पा यायचा आहे. त्यात लहान गाड्यांना सवलत द्यावी की नाही, यावरून कंपन्यांचीच आपसांत जुंपली आहे.

विजेची गाडीही वजनातून सुटलेली नाही. नेक्सॉन पेट्रोलवर घ्या नाहीतर विजेवर, बॅटरीमुळे विजेवालीच जड. तिच्या लोह-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट लागत नाही, म्हणजे काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींत राबणाऱ्या मुलांचा प्रश्न तेवढा टळला. चार्जिंगची वीज मात्र आपल्याकडे बरीचशी चंद्रपूर-कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. आयुष्यभराचा हिशेब केला तर ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरी ठरते, पण कोळशामुळे तो फरक घटतो.

आता उरलं पोलाद. एप्रिल 2025 पासून नवे नियम लागू झालेत. गाडी बनवणाऱ्यानेच जुन्या गाड्यांचं पोलाद परत मिळवल्याचा हिशेब द्यायचा. पहिल्या वर्षी 2005-06 मध्ये विकलेल्या खाजगी गाड्यांतल्या पोलादाच्या 8 टक्के. आकडा छोटा वाटतो, पण त्यासाठी गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडली जायला हवी, आणि आपल्याकडे जुनी गाडी जाते ती गल्लीतल्या भंगारवाल्याकडे. तिथे गॅसकटरने तुकडे होतात, इंजिनातलं तेल जमिनीत मुरतं. केंद्रात मोडली तरी एक अडचण राहतेच. तारांचं तांबं वितळलेल्या लोखंडात मिसळलं, की ते पुन्हा काढता येत नाही, आणि असं पोलाद गाडीच्या पत्र्याला चालत नाही. म्हणून जुन्या गाडीचं लोखंड बहुतेक वेळा बांधकामाच्या सळईत जातं आणि नव्या गाडीचा पत्रा पुन्हा खाणीतल्या खनिजापासून बनतो.