रिकामी लाईन

उरणचा किनारा. समोर नुसतं पाणी दिसतं. समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्राचं तेल 1974 साली सापडलं आणि पुढे समुद्राच्या तळावरून टाकलेल्या लाईनीतून ते इथं येऊ लागलं. आज या पट्ट्यात टाक्या आहेत, जेट्ट्या आहेत आणि जमिनीवरून, जमिनीखालून गेलेल्या असंख्य लाईनी. खारा वारा त्यांना गंज चढवतो. म्हणून कधी ना कधी एखादी लाईन कापावी लागते, व्हॉल्व्ह बदलावा लागतो. त्याआधी ती रिकामी करायची.

तेलानं काठोकाठ भरलेली लाईन आतून पेटत नाही, कारण आत हवाच नसते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच पेट घेते. भरलेली लाईन या टक्केवारीच्या बाहेर असते, नीट साफ केलेलीही बाहेर असते. मधल्या काही तासांत ती त्यातून जाऊ शकते. खरी काळजी त्या तासांची.

म्हणून पेट्रोल ढकलायला कॉम्प्रेसरची हवा कधीच वापरायची नाही. आधी पाणी सोडतात, किंवा फोमचा पिग सोडतात. पाईपात घट्ट बसणारा हा बोळा पुढचं तेल रेटत नेतो. पाणी शक्यतो गोडं; समुद्राचं पाणी आत राहिलं की गंज आतूनही सुरू. आणि बाहेर पडलेलं पाणी गटारात सोडायचं नाही, त्यावर तेलाचा तवंग असतो. खाडी ओलांडताना लाईन खाली वाकते. तिथं साठलेलं तेल हट्टी असतं, ते ड्रेनमधून वेगळं काढावं लागतं.

मग नायट्रोजन. तो आतला ऑक्सिजन हुसकावतो, म्हणजे उरलेली वाफ पेटत नाही. मोठ्या कामाला तो टँकरमधून येतो, उणे 196 अंशांवर द्रवरूपात. व्हेपोरायझरमधून त्याचा वायू होताना कोकणातल्या दमट हवेत नळ्यांवर भराभर बर्फ चढतो. बघायला गंमत वाटते, पण हात लावू नये. तेलवाहू जहाजांच्या टाक्यांत ऑक्सिजन 8 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाईनीतही तोच आकडा धरून चालणं शहाणपणाचं.

इथं मीटर फसवतो. साधा गॅस मीटर वाफ जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजननं भरलेल्या पाईपात त्याची नळी घातली, तर आत वाफ असूनही काटा शून्याजवळच राहतो. तिथं इन्फ्रारेड मीटरच हवा, आणि ऑक्सिजन वेगळा मोजायचा.

माणसाला नायट्रोजनचा वास येत नाही, ठसकाही लागत नाही. शुद्ध नायट्रोजनचे दोनेक श्वास घेतले तरी माणूस कोसळतो, आणि त्याला ओढायला धावलेला दुसराही. वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाजवळ, म्हणजे व्हेंटजवळ, फिरकू नका, हे म्हणूनच पुन्हा पुन्हा बजावलं जातं.

यानंतर दोन्ही टोकांना ब्लाइंड, म्हणजे पाईप पूर्ण बंद करणारी धातूची चकती. बंद व्हॉल्व्हवर विसंबायचं नाही, व्हॉल्व्ह गळतात. मग हवा खेळवायची, पुन्हा गॅस टेस्ट, हॉट वर्कचं, म्हणजे ठिणगी उडणाऱ्या कामाचं, परमिट, आणि त्यानंतरच वेल्डिंगची ठिणगी. जेवायची सुट्टी झाली तर परतल्यावर टेस्ट पुन्हा. ऊन वाढलं की पाईपाच्या भिंतीला चिकटलेल्या थरातून वाफ नव्यानं सुटते.

काम संपलं की हाच प्रवास उलट. आतली हवा नायट्रोजननं घालवायची, मग तेल. तेही सुरुवातीला सेकंदाला एक मीटरपेक्षा जोरात नाही. भरभर वाहणारं पेट्रोल स्वतःच स्थिर वीज तयार करतं.