तीस सेकंदांत चार आवर्तनं

माहितीपटांना, जाहिरातींना आपलं संगीत वापरायला कसं द्यायचं, यावर आज बोलायचंय. मघाशी दारातच एकानं गाठलं. "सर, बासरीचे चाळीस ट्रॅक तयार आहेत, कुणाला पाठवू?" मी म्हटलं, आधी त्यातला एक लाव आणि त्यावर पेपर मोठ्यानं वाच.

हसू नका, मी घरी हेच करतो. माहितीपट असो, जाहिरात असो, पॉडकास्ट असो, आपल्या सुरांवर कुणीतरी बोलत असतं. बासरीचं मधलं सप्तक नेमकं बोलण्याच्या वाटेत येतं. मैफिलीत जिला दाद मिळते ती मुरकी, सुरांची ती झटकन घेतलेली गिरकी, इथे निवेदकाचा शब्द खाते. मग एडिटरचा फोन येतो, "बासरी काढून मिळेल का?" तो रात्री अकराला येतो आणि उत्तर त्याला तेव्हाच हवं असतं. म्हणून तबला, तानपुरा, बासरी असे थर वेगवेगळे काढून ठेवायचे. त्यांना स्टेम्स म्हणतात. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ फक्त ऐकवायला.

दुसरी गोष्ट शेवटाची. हळूहळू विरत जाणारा शेवट एडिटरला आवडत नाही. आपल्याकडे तिहाई आहे, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. तिच्यासारखा शेवट कुणाकडे नाही! पण हिशोब करा. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे एक पूर्ण फेरी, १६ मात्रांची. चार आवर्तनं म्हणजे ६४ मात्रा. मिनिटाला १२८ मात्रांची लय धरली तर ३० सेकंद बरोब्बर भरतात आणि सम येते तेव्हा जाहिरात संपलेली असते. मी हे एकदा करून बसलोय. लय १३५ करा, सम साडेअठ्ठावीस सेकंदांच्या आसपास पडते आणि वर दीड सेकंद तिची आस, म्हणजे मागे घुमणारा नाद, राहते.

आता कागद. एका ट्रॅकचे दोन सातबारे असतात. एक रचनेचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. रचनेवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं, रेकॉर्डिंगवरचा प्रकाशनापासून ६० वर्षं. चित्राला संगीत जोडायचं तर दोन्हींची परवानगी लागते. राग कुणाच्या बापाचा नाही, तुम्ही बांधलेली धून मात्र तुमची. गुरुजींनी बांधलेली गत तुमची नव्हे, कितीही वर्षं वाजवत असलात तरी.

वाजवणाऱ्याचाही हक्क असतो, हे मी ठेच लागून शिकलो. एका ट्रॅकवर मित्रानं सारंगी वाजवली होती. मी चहा पाजला, पैसे दिले, कागद केला नाही. पुढे एका निर्मात्यानं तोच ट्रॅक निवडला आणि सारंगीवाल्याचं संमतिपत्र मागितलं. मित्र दौऱ्यावर, फोन बंद. चार दिवसांनी सही मिळाली, तोवर तिथे दुसऱ्याचं संगीत लागलं होतं. आता माझ्या तबल्याच्या पिशवीत कोरे फॉर्म असतात. सही आधी, चहा नंतर.

करारात मुदत आणि प्रदेश बघा. आपल्या कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण समोरचा ते लिहून आणतोच. 'कायमस्वरूपी, जगभर' असं दिसलं की आकडा त्या मापाचा आहे का ते पाहा. सगळे हक्क विकून टाकणं आणि वापरायला देणं यात घर विकणं आणि भाड्यानं देणं एवढा फरक आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर रेकॉर्डिंगमधल्या रचनेच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, बाकी कुणाला लिहून देता येत नाही. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९पासूनची. सदस्य व्हा, आणि कार्यक्रम पुरा झाला की निर्मात्याकडे क्यू शीट मागा. कुठला ट्रॅक किती सेकंद वाजला, कुणाचा, हे त्यात असतं. त्यात नाव चुकलं तर पैसे भलत्याच्या खात्यात.

तर चाळीस ट्रॅकवाले कुठे बसलेत? हां. चाळीस नका पाठवू, तीन पाठवा. आणि फाइलचं नाव 'फायनल नवीन दोन' असेल तर बदला. रचनेचं नाव, लय, तुमचं नाव आणि फोन नंबर, एवढं त्यात असू दे.